विसरभोळेपणाचा आजार: नागपूरचं मेडिकल की गावचं आरोग्य केंद्र?

निदान पक्कं करायला नागपूरचं मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) किंवा सेवाग्रामचं रुग्णालय बरं. स्कॅन आणि तज्ज्ञ तिथे मिळतात. तेवढ्यापुरतं एकदा जावंच. पण हा आजार, म्हणजे डिमेन्शिया, वर्षानुवर्षं चालतो. गडचिरोलीतल्या कोरचीहून दर महिन्याला आजीला एसटीत बसवून नेणार कोण?

गावात आशाताई घरोघरी भरून घेतात त्या सीबॅक या आरोग्य-तपासणीच्या फॉर्मात साठीपुढच्यांसाठी प्रश्न आहेच: जवळच्यांची नावं, घरचा पत्ता विसरता का? ‘हो’ आल्यावर पुढे काय होतं, त्यावर केंद्राचा दर्जा ठरवा. विसरभोळेपणा यांच्यामुळेही येतो, म्हणून बी-१२, थायरॉईड तपासलं का? रक्तदाब, साखर आटोक्यात आहे का? सांभाळणाऱ्या सुनेला झोप मिळते का, हे कुणी विचारलं? आणि शाळेत न गेलेल्या आजीला स्मरणशक्तीच्या चाचणीत वजाबाकी घालून गुण कापत असतील, तर ती कसली तपासणी!