‘वॉचमेन’ अल्टिमेट कट : चित्रं तीच, चाल वेगळी

झॅक स्नायडरच्या ‘वॉचमेन’ या सुपरहिरो सिनेमाचे (२००९) तीन कट, म्हणजे कमीजास्त लांबीच्या आवृत्त्या, मिळतात. थिएटरात लागलेला १६२ मिनिटांचा, डायरेक्टर्स कट १८६ मिनिटांचा आणि हा अल्टिमेट कट, तब्बल २१५ मिनिटांचा. सुपरहिरो सिनेमाने कॉमिकशी इमान राखायचं म्हणजे नेमकं कशाशी, हा वाद घालायला याहून चांगली डिस्क सापडणार नाही. चित्रंच्या चित्रं जशीच्या तशी उतरवली आहेत आणि मूळ कॉमिक तरीही बऱ्याच ठिकाणी हातातून निसटलंय.

मूळ कॉमिक १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलं. लेखन अ‍ॅलन मूरचं, चित्रं डेव्ह गिबन्सची, रंग जॉन हिगिन्सचे. बहुतेक पानांवर तीन बाय तीन अशा नऊ सारख्या चौकटी. त्यामुळे मारामारीला गप्पांपेक्षा जास्त जागा मिळतच नाही. पहिल्या अंकातला कॉमेडियन या नावाच्या मुखवटाधारी हिरोचा खून बघा. दोन डिटेक्टिव्ह त्याच्या फ्लॅटमध्ये उभे राहून नेहमीच्या कामासारखं बोलतायत आणि मधूनमधून लाल रंगात न्हालेल्या चौकटींत खून दिसतो. साठी उलटलेला माणूस मार खातो, खिडकीतून खाली जातो, संपलं. वरचं कोरडं वाक्य आणि खालचं चित्र यांच्या घर्षणात त्या पानांचा जीव आहे. सिनेमात हाच खून सलग, ऐटीत, स्लो मोशनमध्ये घडतो. स्मायली बॅज, काचांचा चुरा, पडणारा देह, सगळं जागच्या जागी. पण ज्या हाणामारीकडे कॉमिक थंडपणे बघत होतं, तिच्यावर कॅमेरा फिदा झालाय.

हा फरक पुढे वाढतच जातो. कॉमिकमध्ये रोर्शाक हा आणखी एक मुखवटाधारी हिरो एका लहान मुलीच्या खुन्याला बेडीने जखडतो, करवत त्याच्यापुढे टाकतो, घराला काडी लावतो आणि रस्त्यापलीकडे उभा राहून बघतो. सिनेमात तो थेट सुरा घेऊन त्याच्या डोक्यात घाव घालत सुटतो. रक्त वाढलं, दहशत घटली. तुरुंगातही तेच. कॉमिकमध्ये गजांना हात बांधलेल्या कैद्याचा गळा चिरतात, सिनेमात करवतीने हात कापतात. हे बदल वेळ वाचवायला केलेले नाहीत, त्यामुळे ते माफ करणं जड जातं.

गंमत म्हणजे सिनेमातला सर्वांत ‘वॉचमेन’सारखा भाग म्हणजे सुरुवातीची श्रेयनामावली, आणि तिच्यातलं बरंचसं कॉमिकमध्ये या रूपात नाहीच. जवळजवळ थिजलेल्या चित्रांतून १९४० पासूनचा पर्यायी अमेरिकन इतिहास सरकत जातो. केनेडींवर गोळी झाडणारा कॉमेडियन इथे उघड दिसतो, कॉमिकमध्ये त्याचा नुसता सूचक उल्लेख आहे. कॉमिकचं काम काय होतं हे ओळखून ते सिनेमाच्या हत्यारांनी केलंय. हीच समज पुढचे तीन तास टिकली असती तर!

शेवटाबद्दल सगळे भांडतात ते स्क्विडवरून. कॉमिकमध्ये ऑझिमँडियस हा माजी हिरो तो न्यूयॉर्कवर सोडतो, म्हणजे समान शत्रूच्या भीतीने अमेरिका आणि रशिया युद्ध सोडून एकत्र येतील. न्यूयॉर्कमध्ये अवतरणारा तो महाकाय प्राणी काढून स्नायडरने अनेक शहरांतले स्फोट आणले आणि खापर डॉ. मॅनहॅटन या अतिमानवी शक्तीच्या हिरोवर फोडलं. पटकथेची काटकसर म्हणून हे चोख आहे. बेपत्ता लेखक-चित्रकारांचं अख्खं उपकथानक वाचतं. पण मॅनहॅटन हे अमेरिकेचंच हत्यार, व्हिएतनाम त्यानेच जिंकून दिलेलं. मग मॉस्को वॉशिंग्टनला मिठी का मारेल? आमच्या मते खरं नुकसान मात्र वेगळंच आहे. बारावा अंक सलग सहा पूर्ण पानी चित्रांनी उघडतो : रस्त्यावर प्रेतांचा खच. अकरा अंक आवरून धरलेली जागा इथे एकदम सोडली म्हणून वाचक हादरतो. सिनेमात उरतो एक स्वच्छ खड्डा. काहीच कधी संपत नाही, हे मॅनहॅटनने ऑझिमँडियसला सुनावलेलं वाक्यही त्याची पूर्वीची प्रेयसी लॉरी हिच्या तोंडी गेलंय. विजेत्याच्या मनात पेरलेली शंका तिथे नुसती प्रेमळ आठवण होऊन बसते.

आता या कटचं वैशिष्ट्य, ‘टेल्स ऑफ द ब्लॅक फ्रेटर’. कॉमिकमधला मुलगा पेपर स्टॉलजवळ बसून हेच चाच्यांचं कॉमिक वाचत असतो. त्या कथेचा मजकूर स्टॉलवाल्याच्या बडबडीवरच छापलेला, एकाच चौकटीत दोन्ही. डोळा दोन गोष्टी एकदम वाचतो. इथे त्याचं अ‍ॅनिमेशन तुकड्यांनी मध्ये घातलंय. अ‍ॅनिमेशन देखणं आहे, जेरार्ड बटलरचा आवाजही शोभतो, पण दर वेळी मुख्य सिनेमाला ब्रेक लागतो. निवेदन स्टॉलच्या दृश्यावरच चालवलं असतं तर मूळ परिणामाच्या जवळ जाता आलं असतं. स्टॉलवाला आणि तो मुलगा मात्र इथे माणसं म्हणून उभे राहतात. थिएटर कटमध्ये ते शेवटी एकमेकांना बिलगतात तेव्हा हे दोघं कोण, असा प्रश्न पडतो.

याच्या शेजारी एचबीओची २०१९ची नऊ भागांची मालिका ठेवून बघावी. डेमन लिंडेलॉफने गोष्ट ३४ वर्षं पुढे नेली, सुरुवात १९२१च्या टल्सा हत्याकांडापासून (अमेरिकेत गोऱ्या जमावाने काळ्यांच्या वस्तीवर केलेला हल्ला) केली, आणि स्क्विडही घडून गेलेली गोष्ट म्हणून जसाच्या तसा धरला. चित्र म्हणून कॉपी अशी फारशी नाही. पण मुखवट्यामागे कोण आणि का, हा मूळ प्रश्न तिने सिनेमापेक्षा जास्त ताणला.

पहिल्यांदा बघणाऱ्यांनी १८६ मिनिटांचा कट घ्यावा. निवृत्त हिरो, म्हाताऱ्या हॉलिस मेसनचा मृत्यू त्यात आहे, थिएटर कटमधून तो कापला होता. अल्टिमेट कट कॉमिक वाचून झालेल्यांसाठी, आणि तोही दोन बैठकांत. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर कॉमिकच घ्या.