कर्वेनगरचा रविवारचा वादविवाद वर्ग: दहा रविवारांचा अनुभव

माझं पुण्यात कर्वेनगरला पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला कणीक भिजते, दुपारी अडीचला शटर अर्धं खाली येतं. नववीतल्या मुलाला वर्गाबिर्गाला घालायची सवड मला नव्हती, हौस तर नव्हतीच. पण तो घरात कुणाशी धड बोलेना. बोललाच तर भांडण. आमच्याकडे रोज चार पोळ्या न्यायला येणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाई आहेत. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे पाठवून बघा." त्यांचाच हा वर्ग. दहा रविवार, दुपारी चार ते सहा, फी अठराशे रुपये. दोन हप्त्यांत दिली तरी चालते. बारा ते सतरा वयाची सोळा मुलं होती.

जागा पिठाच्या गिरणीच्या वरची खोली. जिना अरुंद आणि चढा, म्हाताऱ्या माणसाला अवघड. गाडी लावायला जागा नाही. गिरणी रविवारी बंद असते म्हणून बरं. सहाला सुटणारा वर्ग पावणेसातपर्यंत लांबतो, आणि वेळ बदलली तर निरोप अर्धा तास आधी येतो. लांबून मुलं आणणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

मला वाटलं होतं, पाठ केलेली भाषणं असतील. हात वर करून "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" असलं. तसं इथे कुणी सुरू केलं की बाई थांबवतात. त्यांचा नियम वेगळाच आहे. बाजू चिठ्ठी टाकून ठरते, आवडीची मिळेल असं नाही. बोलायला तीन मिनिटं. पण त्याआधी एक मिनिट समोरच्याचं म्हणणं त्याच्या वतीने मांडायचं, आणि समोरचा "हो, मला हेच म्हणायचं होतं" म्हणेपर्यंत आपलं सुरू करायचं नाही. पहिल्या रविवारी दीड तास निव्वळ यातच गेला म्हणे. कुणीच "हो" म्हणेना.

जुने शास्त्री याला पूर्वपक्ष म्हणायचे, असं बाईंनी मुलांना सांगितलं. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, बोलाचालीचे तीन प्रकार केलेत: खरं शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं फक्त खोडून काढायचं ती वितंडा. आपण वितंडवाद म्हणतो तो इथूनच आला. पोराने घरी येऊन फळ्यावरचं हे मला वाचून दाखवलं. मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, म्हणजे आपल्या घरात तिसरा प्रकार चालतो. तो हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला.

दुसरा नियम वहीचा. पानाचे दोन भाग करायचे, एकावर 'पाहिलं', दुसऱ्यावर 'ऐकलं'. वादात जे वापराल ते या दोनपैकी कुठल्या भागातलं आहे ते सांगता आलं पाहिजे. ऐकलेलं असेल तर कुणाकडून, तेही.

आता गांधीलमाश्यांचं. वर्गाच्या खिडकीच्या गजाला त्यांचं पोळं लागलं होतं. तिसऱ्या रविवारी एका मुलाने झाडू उचलला. बाईंनी ती खिडकी लावून घेतली आणि तीन रविवार तोच विषय दिला: घरालगतचं गांधीलमाश्यांचं पोळं काढावं की ठेवावं. मी चौथ्या रविवारी डबा द्यायला गेले होते, तेव्हा काचेतून बघितलं. एका बारीक देठावर उलटी टांगलेली करड्या कागदाची छत्री, खालून घरं उघडी. एक माशी खिडकीच्या जुन्या लाकडी चौकटीवर बसून तोंडाने लाकूड खरवडत होती. जिथे खरवडलं होतं तिथे रंग जाऊन फिकट रेघ उठली होती. खोलीत सगळे गप्प झाले तर तो खरखर आवाज ऐकू येतो, असं मुलं म्हणाली. तो कागद त्या लाकडाचाच. चावून, थुंकी मिसळून लावतात. दुसरी एक हिरवा गोळा घेऊन आली, तो अळी चघळून केलेला. आतल्या पिल्लांना तोच घास. मी चाळीस वर्षांची झाले, लहानपणापासून गावाकडे ही पोळी रॉकेलच्या बोळ्याने जाळताना पाहिली, पण अशी कधी बघितली नव्हती.

'काढावं'वाल्यांचीही बाजू लेचीपेची नव्हती. एका मुलीच्या धाकट्या भावाला डोळ्याजवळ चावली होती, ती वहीच्या 'पाहिलं' भागातलं बोलली. मधमाशीचा काटा कातडीत अडकून राहतो, तिला एकदाच डंख मारता येतो. गांधीलमाशीच्या काट्याला तसे अडकणारे दाते नसतात, ती पुन्हा पुन्हा मारते. कुणाला त्याने अंगभर पित्त उठतं, श्वास लागतो, आणि तेव्हा घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा लागतो. यावर 'ठेवावं'वाल्या एका मुलाने खिशातून उंबर काढलं. दत्ताच्या देवळाबाहेर पडलेलं उचलून आणलं होतं. मधोमध फोडलं तर आतून बारीक बारीक माश्या निघाल्या. ही गांधीलमाशीचीच लांबची भावंडं. उंबराची फुलं फळाच्या आत असतात. ही माशी आत शिरल्याशिवाय त्यांना बी धरत नाही. म्हणजे ज्या झाडाला आपण फेऱ्या मारतो ते तिच्या जिवावर उभं आहे. बाईंनी लगेच विचारलं, "हे उंबरातल्या माशीबद्दल झालं. खिडकीतल्या माशीचं काय?" मुलगा अडला. पुढच्या रविवारी अळ्यांची नोंद घेऊन आला, दोन तासांत पोळ्यावर किती आणल्या ती. मला हे फार आवडलं. पोरगा वादात हरला असता तरी चाललं असतं, तो खिडकीपाशी दोन तास बसला.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर या शास्त्रज्ञांनी अशाच कागदी पोळं करणाऱ्या एका भारतीय जातीचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिच्यातली राणी अगदी शांत असते, कुणावर दादागिरी करत नाही. राणी काढून घेतली की कामकऱ्यांतली एक एकदम आक्रमक होते, आणि पुढे तीच राणी बनते. राणी झाली की तीही निवते. हे ऐकून मुलं घरी जायला उठेनात. तो वर्ग सातला सुटला.

हे सगळं आमच्या केंद्रावर येऊन थडकलं. शटरच्या पेटीत एक पोळं होतं, मागच्या जिन्याच्या छपराला दुसरं. मुलगा म्हणाला, "आई, जाळू नकोस." माझ्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींच्या बोटाला एक चावून हात दोन दिवस सुजला होता, त्या म्हणाल्या, "तुझं खरं रे बाळा, पण चटके आणि डंख दोन्ही मीच सोसू का?" पूर्वीचा असता तर पाय आपटून गेला असता. तो तिथेच कट्ट्यावर बसला आणि मावशींचं म्हणणं त्यांच्या वतीने बोलला. शटरखाली तिघी जणी पाच तास उभ्या असतात, हातात उलथनं असतं, माशी आली तरी मागे सरकता येत नाही, हात सुजला तर रोज बुडतो. मावशी म्हणाल्या, "हो, हेच." मग ठरलं. शटरचं पोळं काढायचं, जिन्याचं राहू द्यायचं, तिकडून कुणाची ये-जा नाही. शटरचं मी माणूस बोलावून काढून घेतलं. जिन्याचं अजून आहे.

शेवटच्या रविवारी पालकांना बोलावून मोठा वाद ठेवतात. विषय होता फटाके. चिठ्ठीत माझ्या मुलाला 'बंद करावेत' आलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. माझे दीर दर दिवाळीला सिंहगड रस्त्याला फटाक्यांचा स्टॉल टाकतात. भाऊजींना मीच बोलावलं होतं, नको म्हणायला उशीर झाला होता. ते मागच्या बाकावर दप्तरं सरकवून बसले.

मुलाने आधी समोरच्या मुलीची बाजू मांडली, आणि ती त्याने काकांवरूनच मांडली. नवरात्रात पैसे उचलायचे, परवानगीसाठी खेटे घालायचे, अग्निशमन दलाचा दाखला, वाळूच्या बादल्या, रात्री मालाजवळ झोपायचं, आणि चार दिवसांत विकलं नाही तर उरलेला माल परत कुणी घेत नाही. तिकडे तामिळनाडूत शिवकाशीला देशातले बहुतेक फटाके होतात, तिथल्या घराघराचं पोट त्यावर. मुलगी लगेच "हो" म्हणाली. मी मागे बघितलं नाही.

मग त्याने स्वतःची बाजू घेतली. चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज करणारा फटाका कायद्याने चालत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली आणि फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला मनाई केली. हिरवा रंग त्याचाच असतो. आणि मग त्याने नागगोळीचा विषय काढला. आपल्या पुण्यातल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने सहा प्रकारचे फटाके मोजून बघितले. फुलबाजी, भुईचक्र, पाऊस, लड, सगळ्यांत जास्त बारीक धूळ निघाली ती नागगोळीतून. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून आपण ती सगळ्यात लहान पोराच्या हातात देतो, आणि ते पोर नाग कसा निघतो हे बघायला त्यावर वाकतं. खोलीतल्या प्रत्येक आईने हे केलं आहे. मीही केलंय, याच मुलाला दिली होती, अंगणात उकिडवा बसून खोकत खोकत बघायचा.

मुलीने सरळ उत्तर दिलं: मग नागगोळी बंद करा, सगळे का? तो तिथे अडखळला. बाईंनी कुणाला जिंकवलं नाही.

इथे माझी तक्रार. त्या दिवशी गुण द्यायला बाहेरचे एक परीक्षक बोलावले होते. त्यांनी माझ्या मुलाचे 'उच्चार' या रकान्यातले जवळजवळ सगळे गुण कापले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "घरी भाषेकडे लक्ष द्या." आम्ही मावळातले. आमच्या घरात 'पानी' आणि 'लोनी' म्हणतात. माझी आई तसं बोलायची, मी तसं बोलते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केलेलं हे गाव, याला भाषणं ऐकायची सवय आहे. पण कुणाच्या तोंडची भाषा ऐकायची हेही ठरवून टाकलंय की काय, असं मला वाटलं. पोराची मान खाली गेलेली मी पाहिली. बाई तेव्हा गप्प राहिल्या, हे मला लागलं. दुसऱ्या दिवशी पोळ्या न्यायला आल्या तेव्हा स्वतःहून म्हणाल्या, "तो रकाना माझ्याच कागदावर होता, चूक माझी. पुढच्या खेपेला नसेल." मी पोळ्या बांधून दिल्या. रकाना गेला की नाही ते मी बघणार आहे.

भाऊजी त्या रात्री जेवायला घरी आले. वरणभात संपेपर्यंत बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "त्या गोळीचं खरं का रे?" तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "काका, हे 'ऐकलं'मधलं आहे," आणि कुठे वाचलं ते दाखवलं. भाऊजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, "गोळी स्वस्त असते, बारकी पोरं तीच मागतात." दोघं अकरापर्यंत बसले होते. मी भांडी घासताना ऐकत होते, आवाज एकदाही चढला नाही.

पुढच्या तुकडीसाठी धाकटीचे नऊशे भरून आले आहे. तिला डंखाने फार सूज येते, तेव्हा खिडकीपासून लांब बसवा एवढं बाईंना सांगून ठेवलं.