जुन्या अॅम्बेसेडरचं अलाइनमेंट: दोरी की मशीन?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांतून अजून काही अॅम्बेसेडर जपलेल्या दिसतात. पुढची चाकं जुळवायची वेळ आली की प्रश्न येतो: घरी दोरी लावायची की कॉम्प्युटर मशीनवर न्यायची?

टो-इनसाठी (पुढची चाकं पुढच्या बाजूने किती आत वळली आहेत ते) माझं मत दोरीच्या बाजूने आहे. गाडीच्या दोन्ही अंगांना बारीक नायलॉन ताणायचं (पतंगाचा मांजा नको, बोट कापतो). पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं, म्हणून दोऱ्या टायरला नव्हे, एकमेकींना समांतर बसवायच्या. मग रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजायचं. 15 इंची रिमवर 1 मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे 0.14 अंश, साध्या पट्टीनेही तो कळतो. जॅकवरून उतरवलेली गाडी थोडी पुढे-मागे ढकलून मगच मोजा, नाहीतर सस्पेन्शन बसत नाही आणि आकडा खोटा येतो.

कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) मात्र मशीननेच नीट कळतात. जुन्या मॉडेलचे आकडे मशीनमध्ये नसतील तर कारागिराला मॅन्युअल दाखवा. दुसऱ्या गाडीच्या आकड्यांवर जुळवू देऊ नका.

आणि झिजलेला किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) किंवा खाली बसलेला टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असेल तर दोन्ही पद्धती वाया. किंगपिनसाठी चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खडखड आली तर आधी ते काम.