गहू वर्ज्य असलेल्या घरातली घरघंटी: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मोटार किती एचपीची, टाकी किती किलोची, जाळ्या किती, हे कंपनीच्या पानावर आहेच, ते परत लिहीत नाही. साधी एक एचपीची घरघंटी आहे. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. गेल्या आठवड्यात सर्व्हिसचा माणूस आला, मशीनच्या दाराचा स्विच बदलला आणि "चालतंय काय बघूया" म्हणत स्वतःच्या पिशवीतला गहू टाकीत ओतून मशीन सुरू केलं. माझ्या लेकीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन तिला पूर्ण वर्ज्य. हे मी तक्रारीत लिहिलं होतं, फोनवर सांगितलं होतं, तो दारात आल्यावर पुन्हा सांगितलं होतं. मी ओरडल्यावर तो म्हणाला, "अक्का, मूठभर गव्हानं काय होतंय की?"

काय होतं, ते सांगते. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर किलोभर पदार्थात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असा एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन दहा टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम गव्हाचं पीठ गेलं, तरी मर्यादा ओलांडली. पोह्याच्या चमच्यात सपाट आठ ग्रॅम पीठ मावतं असं धरलं, तर तेवढं एक चमचा पीठ तीस-पस्तीस किलो ज्वारी बाद करायला पुरेसं आहे. आणि त्यानं ओतला तो चमचा नव्हता, ओंजळ होती.

ही पोटाची नाजूक तक्रार नाही. शेजारच्या आजोबांना दूध सोसत नाही, पण ताक चालतं, चहातलं दूधही चालतं. सिलिॲकमध्ये असं 'थोडं चालतं' नसतं. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं, आतल्या अस्तरावरचे बारीक अंकुर झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. लेकीला लोहाची औषधं चालू असून हिमोग्लोबिन वर येत नव्हतं, उंची अडली होती. मग टीटीजीची, म्हणजे सिलिॲकमध्ये वाढणाऱ्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी झाली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान झालं. (कुणी शंकेनं वाचत असेल तर: तपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची. आधीच बंद केला तर अहवाल खोटा दिलासा देऊ शकतो.) औषध एकच, जन्मभर ग्लुटेन बंद. भाजल्यानं, उकळल्यानंही ते जात नाही. हिंगाच्या डबीवर घटक वाचले तर तिथंही गव्हाचं पीठ निघालं, तेव्हा सगळं स्वयंपाकघरच नव्यानं लावलं.

खरं तर आपल्या बेळगाव भागात ही अडचण सोपी असायला हवी. शाळूची भाकरी रोजची, खानापूरकडची नाचणी आहे, तांदूळ आहे. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितल्यावर पहिल्यांदा मला हायसंच वाटलं. अडलं ते गिरणीत. गिरणीच्या दगडांत आधीच्या माणसाचं पीठ राहतं, हे आपण सगळेच जाणतो आणि चालवून घेतो. आमच्या गल्लीतले गिरणीवाले मामा फार चांगले. "सकाळी उघडल्या उघडल्या ये, किलोभर तांदूळ आधी घालून काढतो, मग तुझं दळतो," असं स्वतःहून म्हणाले. पण गिरणीत हवेतच गव्हाचं पीठ असतं, ब्रश तोच, घमेलं तेच, त्यांच्या अंगावरच्या बनियनवर तेच. त्यात त्यांचा दोष काहीच नाही. पाकिटातलं ग्लुटेन-फ्री पीठ किलोला दोनशेच्या घरात जातं आणि त्याची भाकरी तव्यावर पडायच्या आधीच मोडते. म्हणून मोठ्या दिरांनी कोल्हापूरहून ही घरघंटी आणून दिली. डेमोचं मशीन नको, त्यात गहू दळलेला असतो, सीलबंदच हवं, एवढं मी त्यांना बजावलं होतं. तुम्हीही बजावा.

दळण्याबद्दल तक्रार नाही. उलट मला एवढं अपेक्षितच नव्हतं. गिरणीतून एकदम पाच किलो आणलं की आठवड्यानंतर पिठाची विरी गेलेली असायची, थापताना कडेला चिरा. आता दोन-तीन दिवसांपुरतं दळते. आधणाच्या पाण्यात मळलं की गोळा असा येतो, की लेकीनंही स्वतः थापायला घेतली आणि तिची भाकरी फुगली. बारा हात चौरस घरात आवाज मोठा आहे, दुपारी झोपलेल्यांची पंचाईत. विजेचं म्हणाल तर तासाला पाऊण ते एक युनिट. आठवड्याला अर्धा-पाऊण तास चालते, म्हणजे महिन्याला दोन-तीन युनिटं. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटकाच्या मोफत विजेच्या योजनेत, आपल्या सरासरी वापरापेक्षा थोडीच जास्त वीज फुकट मिळते, म्हणून मला आधी धास्ती होती. आमचं त्यात बसलं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. वीस हजारांच्या आसपासचं मशीन घरात आणि चपातीचं पीठ बाहेरून आणायचं? काटकसरीच्या हिशेबानं त्यांचं चूक नाही. पण हे मशीन लेकीचं आहे, त्यात गव्हाचा एक दाणा जाणार नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं. मग त्यांनीच ज्वारी निवडायचं काम घेतलं. रविवार पेठेतून आणलेल्या शाळूतही गव्हाचे दाणे निघतात. शेजारच्या वावरातले, मळणीतले, नाहीतर पोत्यातले. ताटात थोडी थोडी घेऊन त्या निवडतात, माझ्यापेक्षा बारीक नजरेनं.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, ते कापड. पिठाच्या डब्याच्या तोंडाला इलॅस्टिकचा कापडी फिल्टर असतो. दळताना आत हवा येते, ती त्यातून बाहेर जाते आणि पीठ आत राहतं. कंपनीच्या व्हिडिओत जाळी कशी बदलायची हे दहा वेळा दाखवतात, या कापडाबद्दल एक वाक्य नाही. जाळी स्टीलची, घासून धुता येते. दळणकक्ष ब्रशनं, व्हॅक्यूमनं साफ होतो. कापडाच्या विणीत मात्र पीठ बसतं ते बसतंच. धुतलं तरी शिवणीत राहतं. तिथं एकदा गहू गेला की तो पुढच्या प्रत्येक दळणात थोडा थोडा झडणार. आणि नाचणी दळली की हेच कापड चोंदतं, हवा कोंडते, पीठ गरम होतं. सगळ्या मशीनचा जीव या चाळीस-पन्नास रुपयांच्या कापडात आहे आणि कंपनी त्याचे साडेतीनशे मागते, तेही 'उपलब्ध नाही' असं सांगून.

बिघाडाचं सांगायचं तर गणपतीच्या तोंडावर दाराचा स्विच गेला. दार लावलं तरी मशीनला ते उघडंच वाटे. भाग लहान, पण त्यापायी कंपनीनं आम्हाला सीमेवर उभं केलं. हेल्पलाइन म्हणाली, तुमचा पिन 590नं सुरू होतो, तो हुबळीकडे. हुबळीनं सांगितलं, बिल कोल्हापूरचं आहे, तिकडेच बोला. कोल्हापूरचे म्हणाले, कर्नाटकात आमचा माणूस येत नाही, मशीन घेऊन या. दोन्ही शहरं बेळगावापासून शंभरेक किलोमीटर, आणि हे धूड एसटीत चढत नाही. वॉरंटी कार्डावर 'भारतभर' छापलंय. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. त्यानंतर हुबळीहून माणूस यायला फार दिवस लागले नाहीत. ज्यांचं असं अडलंय त्यांनी भांडत बसण्याआधी हा नंबर लावावा, मराठीतही बोलता येतं.

आणि तो आला तर त्यानं गहू ओतला.

मग काय केलं, ते सविस्तर लिहिते, कुणाच्या तरी कामाला येईल. टाकीतलं सगळं काढून टाकलं. जाळ्या, डबा, झाकण गरम पाण्यानं साबण लावून घासलं आणि उन्हात वाळवलं. दळणकक्षात पाणी घालता येत नाही, खाली मोटार आहे, म्हणून कोरडा ब्रश, व्हॅक्यूम, मग ओलसर फडकं, ते प्रत्येक वेळी नवं. दाराचं रबर काढून धुतलं. कापड फेकलं. मग जाडा तांदूळ दोन खेपांत दळून ते पीठ गल्लीतल्या गाईंना घातलं. एवढं करूनही पहिलं दळण लेकीला दिलं नाही, आम्ही मोठ्यांनी खाल्लं. त्या दिवसांत तिला भातावर काढलं. ती काही बोलली नाही, पण डब्यात रोज भात बघून तिचं तोंड उतरलेलं मला दिसत होतं, आणि त्या माणसाचा मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

कापड मिळेना म्हणून मांजरपाट आणून मी स्वतः फिल्टर शिवला. एकेरीच ठेवा. दुहेरी शिवलात तर हवा अडते आणि पीठ उलटं कक्षात साचतं. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे आत पीठ अडकायला जागा राहत नाही. एका मीटरात तीन-चार होतात. ज्वारीला वेगळा, नाचणीला वेगळा. कंपनीच्या फिल्टरपेक्षा हा चांगला चालतो, हे मी जबाबदारीनं लिहितेय.

इथवर लिहून एक तारा दिला होता.

महिन्याभरानंतरची भर: मी कंपनीला सविस्तर मेल लिहिला, वरचा चमच्याचा हिशेबही त्यात घातला. उत्तर छापील आलं. पण पुढच्या वेळी जाळीचा स्क्रू ढिला झाला म्हणून तक्रार केली, तेव्हा दुसरा मुलगा आला. निपाणीकडचा. दारातच चप्पल काढून म्हणाला, "ताई, कार्डावर गहू नको असं लिहिलंय. तुमचीच ज्वारी द्या, हात कुठं धुऊ?" त्यानं हत्यारंसुद्धा पुसून घेतली. त्याच्या मावशीच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, म्हणून त्याला सांगावं लागलं नाही. कंपनीनं शिकवलं म्हणून नव्हे.

लेकीचा टीटीजी उतरतोय. अजून मर्यादेत नाही, डॉक्टर म्हणतात वेळ लागतो. हिमोग्लोबिन मात्र वर आलंय आणि शाळेचा गणवेश आखूड झालाय. त्यासाठी मशीनला चार तारे देते. सर्व्हिसला एकच, तो त्या निपाणीच्या मुलाचा.

घेणार असाल तर बिल स्वतःच्या पिनच्या पत्त्यावर करून घ्या, तक्रारीच्या कार्डावर 'चाचणीला ग्राहकाचंच धान्य वापरावं' हे लिहून त्याचा फोटो काढा, आणि माणूस काम करत असताना टाकीजवळून हलू नका. फिल्टरचं माप कुणाला हवं असेल तर विचारा, शिवलेल्यावरून मोजून सांगेन.