सुती क्रेप बँडेज, १० सेंमी: घोट्यासाठी हेच घ्या

लालबागमध्ये मी मुलींना कबड्डी शिकवते, त्यामुळे पाय मुरगळणं नेहमीचंच. परळच्या केमिस्टकडून आणलेलं हे बँडेज मला मनापासून आवडलं. वीण घट्ट आहे, धुतल्यावरही ताण टिकतो. फक्त सावलीत आडवं पसरून वाळवा, दोरीवर लटकवलं की सैल पडतं. घोट्याला १० सेंमी रुंदीचंच मागा. मनगटाला ७-८ सेंमी पुरतं.

गुंडाळायला सुरुवात बोटांच्या मुळापासून, घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, मग वर पोटरीकडे. प्रत्येक वेढ्यानं आधीचा निम्मा झाकायचा. शेवटी अंगठ्याचं नख दाबून सोडा. साधारण २ सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं नाही किंवा मुंग्या आल्या, तर लगेच सोडून सैल बांधा. पोरी "ताई, अजून घट्ट" म्हणतात, अजिबात ऐकू नका! झोपताना काढून ठेवा.

सोबतच्या धातूच्या क्लिपा मात्र नकोत. सुटतात आणि टोचतात. मी कागदी चिकटपट्टी लावते. जखम असेल तर आधी निर्जंतुक गॉज, मग हे. आणि पाय टेकून चार पावलंही टाकता येत नसतील, तर बँडेजवर न थांबता डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढा.