प्रायमसी, टुरान्झा की अल्ट्राकॉन्टॅक्ट? मुंबईच्या गाडीला कुठला टायर?

हे तिन्ही ‘समर टायर’, आणि तसं म्हटलं की कुणीतरी हमखास विचारतं, मग पावसाळ्यात काय? तेच वापरायचे. नाव थंड देशांतलं आहे. साधारण ७ अंशांखाली त्यांचं रबर कडक होतं, म्हणून तिकडे हिवाळ्यात वेगळे टायर लावतात. मुंबईतलं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही १९६२ सालचं. विषय संपला.

आपली परीक्षा जुलैत असते: ओला रस्ता आणि पाण्याखाली दडलेला खड्डा.

मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी घेतात तो मुख्यतः शांततेसाठी. काँक्रीटवर टायर जो घूं घूं आवाज करतात, तो इथे खरंच कमी. दुसरा गुण मला जास्त महत्त्वाचा वाटतो: झिजल्यावरही पाणी बाहेर फेकता यावं अशी त्याच्या खाचांची रचना आहे. कायद्याने खाचांची खोली १.६ मिमी उरेपर्यंत टायर चालतो, पण मुंबईच्या पावसात मी ३ मिमीलाच बदलतो. खोट म्हणजे, टायरवाले त्याची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, मऊ म्हणतात. शिवाय तो स्वस्त नाही.

कॉन्टिनेन्टलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ जुना गडी. ओल्यातलं ब्रेकिंग आणि स्टिअरिंगचा नेमकेपणा यासाठी मी त्याला वर ठेवेन, आवाजात खाली. ब्रिजस्टोनच्या टुरान्झा ६आयमध्ये एनलिटन तंत्र आहे, म्हणजे भर हलक्या वजनावर आणि इंधन वाचवण्यावर. रोज ठाण्याहून नरिमन पॉइंट गाठणाऱ्याने तो जरूर पाहावा.

पण खड्ड्यात ब्रँडपेक्षा मापाचा फरक मोठा पडतो. मापात पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचे इंच. २०५/५५ आर१६ ची साइडवॉल सुमारे ११३ मिमी उंच, १९५/६५ आर१५ ची १२७. बाहेरून चाक जवळपास तेवढंच, पण खड्डा सोसायला दीड सेंटिमीटर रबर जास्त. गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही मापं दिली असतील तर मी डोळे झाकून १५ इंची घेईन. हौसेने मोठी अलॉय चाकं बसवून मी एकदा हात पोळून घेतलेत. सब-वेच्या तोंडाशी दाणकन आपटलो आणि दोन दिवसांनी साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा. फुग्याला पंक्चरसारखं ठिगळ लागत नाही, टायर फेकूनच द्यावा लागतो. म्हणून खड्ड्याच्या माराची भरपाई मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

दर शनिवारी एक्स्प्रेसवेने पुण्याला जात असाल तर मिशेलिन. गाडी मुंबईतच फिरणार असेल तर मी कॉन्टिनेन्टल घेईन, उरलेल्या पैशांत अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगही होईल.

दुकानात टायरच्या साइडवॉलवर कोरलेल्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे टायर २०२५ च्या २३व्या आठवड्यात बनला. वर्षभर पडून असलेला माल असेल तर दुसरा काढायला सांगा. गोदामात असतो.