क्रोमवर काळा टिंट स्प्रे : नऊ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

पिकअप सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिला नवरीसारखी नटवली होती. चाकं क्रोमची, ग्रिल क्रोमची, आरशांच्या टोप्या अन् दारांची हँडलंसुद्धा. दिंडोरीला मळ्यात दुपारी उभी केली की डोळे दिपायचे. नवी काळी चाकं घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून फेब्रुवारीत टिंट स्प्रेचे डबे आणले.

हा नेहमीचा रंग नव्हे. पारदर्शक काळपट लॅकर असतो, खालचं क्रोम त्यातून दिसत राहतं. एका कोटात धुरकट, तीन-चार कोटांत काळ्या आरशासारखं. गोची इथेच आहे. पकड यावी म्हणून पॉलिश पेपर मारावा, तर ओरखडे आतून दिसतात. न मारावा, तर गुळगुळीत क्रोमवर लॅकर नुसता बसून राहतो. मी पेपर मारला नाही. शाम्पूने धुतलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसलं आणि मग उघडा हात लावला नाही.

टायरवर फवारा जाऊ नये म्हणून रिम आणि टायरच्या फटीत पत्ते खोचले. एका चाकाला जवळपास अख्खा कॅट लागला. आई ओट्यावरून म्हणाली, "हा कसला रे जुगार?" वीतभर अंतरावरून पहिला कोट अगदी हलका, नुसते शिंतोडे. पुढच्या कोटाआधी दहा मिनिटं थांबायचं. डाव्या आरशावर मी थांबलो नाही. तो ओघळ आजही तिथेच आहे, रोज दार उघडताना दिसतो.

ग्रिल, आरसे आणि हँडलवर अंबडच्या ओळखीच्या पेंटरकडून टू-के क्लिअर, म्हणजे दोन घटक मिसळून मारायचा पारदर्शक थर, मारून घेतला. त्यात हार्डनर असतो, मारताना आयसोसायनेट हे फुप्फुसाला घातक रसायन उडतं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, कार्ट्रिजवाला मास्क लागतो. चाकांवर मात्र मी घरीच साधा क्लिअर मारला. तेवढीच कंजुषी नडली.

ग्रिल, आरसे, हँडल ही ट्रिम अजून मस्त आहे. पावसाळ्यात द्राक्षबागेत बोर्डोची फवारणी चालू असताना शेजारी गाडी उभी होती, मोरचूद-चुन्याचे निळसर ठिपके वाळून बसले. ओल्या फडक्याने निघाले, खाली डाग नाही. एवढंच, की बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काळ्यावर जास्त उठून दिसतात.

चाकांची कहाणी वेगळी. नटांभोवतीचा टिंट पहिल्यांदा चाक खोलतानाच उडाला. वॉशिंगवाल्याने प्रेशरची नळी जवळ धरली आणि एका रिमच्या काठाला साप कात टाकतो तसा पापुद्रा सुटला. कळस पंक्चरच्या दुकानात झाला. पोऱ्याने डांबराचा डाग काढायला पेट्रोलचं फडकं फिरवलं. डाग गेला, पण फडकं काळं झालं आणि मधोमध तळहाताएवढं क्रोम लख्ख! त्याचा काय दोष, साधा क्लिअर पेट्रोलमध्ये विरघळतोच.

आता चाकांवरचा उरलेला टिंट मी थिनरने काढतोय. चाक धातूचं आहे म्हणून चालतं. ग्रिलचं क्रोम प्लास्टिकवर चढवलेलं असतं, तिथे थिनर नको. दिवाळीनंतर चाकं पावडर कोटिंगला देईन.

अर्धा डबा उरलाय. चुलतभावाला तो त्याच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर मारायचाय. मी दिला नाही. कसारा घाटात धुकं उतरलं की उघडे ब्रेकलाइटही धड दिसत नाहीत. तो रुसलाय, रुसू दे.